बांधावरची भारंगी : मधमाशांचें पावसाळी कोठार

(लेखक : महसूल खात्यांतील एक निवृत्त कारकून)

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील सातबाऱ्याच्या उताऱ्यांत जमिनीचे जे प्रकार आढळतात, त्यांत भातजमिनीचा मान पहिला, वरकसाचा दुसरा आणि पोटखराब्याचा मान कांहींच नाहीं. भातजमीन पोट भरते. वरकस जमीन नाचणी, वरी, खुरासणी आणि राबाचा पाला देते. पोटखराबा म्हणजे खडक, ओहोळाचा कांठ, वेंचलेल्या दगडांचे ढीग आणि बांधालगतची चढण. त्यावर आकार बसत नाहीं, आणि ज्यावर आकार बसत नाहीं त्याकडे आपण वळूनही पाहत नाहीं. आमची सारी नोकरी असले उतारे लिहिण्यांत व तपासण्यांत गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून तर शेतकरी आपली पीकपाहणी स्वतःच मोबाइलवर नोंदवूं लागला. परंतु बारा नंबरच्या नमुन्यांत पिकाचें नांव, क्षेत्र व पाण्याचें साधन यांस रकाने असले, तरी त्या पिकाचें फळ ज्याच्या पायांनीं धरतें त्या माशीस व भुंग्यास रकाना नाहीं. सेवानिवृत्तीनंतर कांहीं पावसाळे बांधावर बसून काढल्यावर आमच्या ध्यानांत आलें तें असें कीं, सरकार ज्या तुकड्याचा सारा घेत नाहीं तोच तुकडा आपल्या काकडी-वांग्याच्या पिकाचा मोठा भार वाहत असतो. त्या तुकड्यावर आपोआप उगवणाऱ्या, आणि आतां दिवसेंदिवस दिसेनासें होणाऱ्या, एका रानटी बहुवर्षायु झुडपाविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. तें झुडूप म्हणजे भारंगी.

फूल येतें, फळ धरत नाहीं

आपल्या भागांतून कल्याण, ठाणें व मुंबईच्या बाजारांत पावसाळ्यांत काकडी, कारलीं, शिराळीं, घोसाळीं व वांगीं जातात. अलीकडे मांडव घालणाऱ्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या तोंडीं एकच गाऱ्हाणें ऐकूं येतें : मांडव फुलांनीं पिवळा होतो, पण फळ धरत नाहीं, धरलें तर तें वांकडें निघतें. दुकानदार एखादी बाटली पुढें करतो, शेतकरी ती फवारतो, आणि गाऱ्हाणें पुढच्या वर्षीं तसेंच उभें राहतें.

यांतील मूळ गोष्ट अशी आहे. काकडी, कारलें, दुधी, भोपळा, पडवळ, शिराळें व घोसाळें या वेलींस नराचीं व मादीचीं फुलें एकाच वेलीवर पण निरनिराळीं येतात. मादीच्या फुलाखालीं कोंवळें फळ आधींच दिसतें. परंतु नराच्या फुलांतील पराग तेथें येऊन पडल्यावांचून तें वाढत नाहीं, पिवळें पडून गळून जातें. हे पराग जड व चिकट असतात; ते वाऱ्यानें उडत नाहींत, कीटकांनींच न्यावे लागतात. काकडीचें फूल सकाळीं उमलतें व त्याच दिवशीं मिटतें. तेवढ्या कांहीं तासांत माशी आली तर आली. एकदां येऊनही भागत नाहीं. पराग थोडे पडले तर बीं थोडें धरतें, आणि फळाच्या ज्या भागांत बीं धरत नाहीं तो भाग आंखडतो. एका टोंकास जाड व दुसऱ्या टोंकास शेपटीसारखी जी काकडी व्यापारी बाजूस काढून टाकतो, ती पुष्कळदां खताच्या नव्हे, परागाच्या उणिवेची असते. बंदिस्त हरितगृहांत लावण्याच्या कांहीं संकरित जाती परागावांचून फळ धरतात. पण आपल्या उघड्या मांडवास ती सोय नाहीं.

वांग्याची व टोमॅटोची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांच्या फुलांत नर व मादी दोन्ही एकत्र असतात. परंतु पराग केसरांच्या बंद नळींत असतो व तिच्या टोंकास फक्त बारीक भोंक असतें. मिठाची डबी उलटी करून हालविल्याखेरीज मीठ पडत नाहीं, तसें हें आहे. वाऱ्यानें कांहीं पराग गळतो खरा. पण तो नीट झाडून काढण्याची कला भुंग्यास व निळ्या पट्ट्यांच्या लहान रानमाशीस येते. ती फुलास मिठी मारून अंगांतील स्नायू थरथरविते. त्या वेळीं नेहमींच्या गुणगुणीहून तीक्ष्ण आवाज ऐकूं येतो व पराग भसकन् बाहेर पडतो. पेटींतील पाळीव मधमाशीस ही कला साधत नाहीं. म्हणून वांग्याच्या मळ्यास मधमाशांच्या पेट्यांपेक्षां काळ्या भुंग्याची गरज अधिक. तो भुंगा मध देत नाहीं, म्हणून त्याची कोणी मोजदादही ठेवीत नाहीं.

मधमाशांचें पंचांग

शेतकऱ्यास जसें नक्षत्रांचें पंचांग, तसें मधमाशीस फुलांचें. माघ-फाल्गुनांत काटेसावर, पांगारा व पळस फुलतात. ओढ्याकांठीं धायटीचीं लाल फुलें त्याच सुमारास दिसतात. चैत्र-वैशाखांत जांभूळ, करंज व हिरडा येतो. ज्येष्ठाच्या तोंडावर ऐन. मृगाचा पाऊस बसला कीं हा सारा बाजार एकदम उठतो. आषाढ-श्रावणांत माहुलीपासून माळशेजपर्यंत डोंगर हिरवेगार दिसतात; परंतु हिरवें दिसणें निराळें आणि पोट भरणें निराळें. झाडें पानांवर असतात, फुलांवर नसतात. खाचरांतल्या भातास बहुतेक स्वतःच्याच फुलाचा पराग मिळतो व त्याच्या फुलांत मध नाहीं. आग्या माशी या दिवसांत मुलूख सोडून जाते. सातेरीची वसाहत ढोलींत सांठवलेल्या मधावर दिवस काढते. ज्यांच्या घरीं सातेरीच्या पेट्या आहेत त्यांस या महिन्यांत साखरेचा पाक ठेवावा लागतो, हें मधपाळ जाणतातच. तेरडा, सोनकी व खुरासणी यांचा सुकाळ होतो तो भाद्रपद-आश्विनांत.

कोणी म्हणेल, कारवी आहे ना! कारवीचा फुलोरा पाहण्यासारखा व मध चाखण्यासारखा, यांत शंका नाहीं. परंतु कारवी सात-आठ वर्षांनीं एकदां फुलते आणि बीं धरून मरते. आठ वर्षांतून एकदां मिळणाऱ्या मेजवानीवर कोणाचा संसार चालत नाहीं.

नेमक्या या आषाढ-श्रावणाच्या उपवासांतच आपला काकडीचा मांडव फुलास येतो. त्या वेळीं शेताच्या आसपास भुंगे व माशा जिवंत, धडधाकट आणि पुरेशा असाव्या, अशी इच्छा असेल तर त्यांच्या पोटाची सोय आषाढापासून भाद्रपदापर्यंत अखंड असली पाहिजे. ही सोय दर वर्षीं न चुकतां करणारें, आपल्याच रानचें, खर्च न मागणारें झुडूप म्हणून भारंगीकडे पाहावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

भारंगीची ओळख

भारंगी आपल्या भागांतील स्त्रियांस भाजी म्हणून व वैद्यांस औषध म्हणून ठाऊक आहे. वैद्यकाच्या जुन्या संस्कृत ग्रंथांत तिला भार्ङ्गी म्हटलें आहे. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव पुष्कळ काळ ‘क्लेरोडेंड्रम सेराटम’ असें होतें. १९९८ सालीं तिला ‘रोथेका’ या गणांत घालण्यांत आलें, म्हणून नव्या पुस्तकांत ‘रोथेका सेराटा’ असें सांपडतें. ‘सेराटा’ म्हणजे करवतीच्या दांत्यांची. पानाची कड पाहिली कीं नांव पटतें. पूर्वीं तिची गणना निर्गुडीच्या कुळांत होत असे. आतां निर्गुडी, साग व भारंगी या तिघांसही तुळशीच्या मोठ्या कुळांत स्थान मिळालें आहे. हिंदुस्थानांत व श्रीलंकेंत ती रानटी वाढते.

हिचें खोड चौधारी, पानें लांबट, जाडसर व कातरलेलीं; तीं समोरासमोर दोन किंवा एकाच पेरावर तीन अशीं येतात. उंची मनुष्याच्या कमरेपासून डोक्यापर्यंत जमिनीप्रमाणें होते. खरा जीव आहे तो मुळांत. उन्हाळ्यांत वरचा भाग बहुतेक वाळून जातो व झुडूप मेलें असें वाटतें. पण जमिनींतील लांकडी गड्डा जिवंत असतो, आणि वळवाच्या सरीबरोबर त्यांतून कोंवळे तांबूस-हिरवे कोंब वर येतात. वणव्यानें वरचें जळालें तरी पुष्कळदां तें गड्ड्यांतून फुटतें. फुलोरा फांदीच्या शेंड्यावर तुऱ्यासारखा येतो. एकेका फुलास पांच पाकळ्या. चार फिकट निळसर-पांढऱ्या आणि खालची पांचवी गडद निळी-जांभळी, जणुं बसण्याकरितां घातलेला पाट. त्यावरून चार लांब केसर कमानीसारखे बाहेर आलेले असतात. फळ आधीं हिरवें व पिकल्यावर काळें-जांभळें, गाळ्यागाळ्यांचें होतें.

फुलावर कोण येतें

भारंगीच्या फुलाची रचना पाहिली म्हणजे तें कोणाकरितां केलें आहे हें कळतें. मध नळीच्या तळाशीं असतो. भुंगा खालच्या निळ्या पाकळीस धरून तोंड आंत घालतो, त्या वेळीं वरचे कमानदार केसर त्याच्या अंगास लागतात व पराग चिकटतो. फुलांत आधीं पुंकेसर पुढें असतात व स्त्रीकेसर बाजूस वळलेला असतो. पुंकेसर मागें वळले म्हणजे मग स्त्रीकेसर त्यांच्या जागीं येतो. अशा रीतीनें एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास पोंचतो. सर्व तुरा एकदम फुलत नाहीं. रोज थोडीं फुलें उमलतात व हा क्रम कित्येक आठवडे चालतो. कीटकांस रोजचा शिधा मिळतो तो यामुळें.

आमच्या बांधावर पाऊस थांबून ऊन पडलें कीं पहिला येतो तो मोठा काळा भुंगा. मागोमाग सातेरी, निळ्या पट्ट्यांची माशी आणि निरनिराळीं फुलपांखरें. हाच भुंगा थोड्या वेळानें मांडवावर घोसाळ्याच्या फुलांत आणि वांग्याच्या सरींत दिसतो. सातेरी माशी मैलभर फिरून येऊं शकते. परंतु एकट्या राहणाऱ्या लहान रानमाशांची धांव कांहींशें हातांपलीकडे जात नाहीं. म्हणून डोंगरावर भारंगी आहे आणि आपला मांडव गांवठाणाशीं आहे, तर त्या भारंगीचा त्या मांडवास उपयोग थोडाच. फूल शेताच्या कडेसच हवें.

लागवड

भारंगीस भारी जमीन नको. पाण्याचा निचरा होणारी मुरमाड उतरण, बांधाचा खांदा, दगडांच्या ढिगाची कड, आंब्याची विरळ सांवली अशा जागीं ती आनंदानें वाढते. खाचरांत जेथें पाणी तुंबतें तेथें लावूं नये, गड्डा कुजतो.

रोप तीन प्रकारें करतां येतें.

पहिला प्रकार बियांचा. पावसाळा सरतांना पिकून काळीं-जांभळीं झालेलीं फळें वेंचावीं, गर चोळून धुवून काढावा व बीं सांवलींत वाळवून कापडी पिशवींत ठेवावें. वैशाखांत माती, रेती व कुजलेलें शेणखत सारख्या प्रमाणांत घेऊन पिशव्या भराव्या आणि बीं नखभर खोल टोंचावें. उगवण सावकाश व असमान होते. म्हणून एका पिशवींत तीन-चार बिया घालाव्या व लवकर कंटाळूं नये.

दुसरा प्रकार कलमांचा. पहिला पाऊस बसल्यावर आदल्या वर्षाच्या जून पण जिवंत फांदीचे वीतभर तुकडे, प्रत्येकावर दोन-तीन पेरें राहतील असे, तिरके कापावे. खालचें पेर मातींत दाबावें, वरचें बाहेर ठेवावें, आणि सांवलींत महिनाभर ओल राखावी.

तिसरा प्रकार गड्डा फोडण्याचा. आपल्याच जागेंत जुनी भारंगी असेल तर तिच्या कडेचा फुटवा मुळासकट कोयत्यानें वेगळा करावा व त्याच दिवशीं दुसरीकडे लावावा. हा सर्वांत खात्रीचा. मात्र त्यासाठीं राखीव रानांतून, विशेषतः तानसा अभयारण्याच्या हद्दींतून, झाड उपटून आणूं नये. बांधावर एक लावण्यासाठीं रानांतलें एक मारणें म्हणजे एका खिशांतला रुपया दुसऱ्या खिशांत घालणें होय, आणि तेंही गुन्हा करून.

रोपें लावणीच्या धांदलींत विसरतात. म्हणून आवणीस आरंभ होण्यापूर्वीं, मृगाच्या पहिल्या आठवड्यांतच तीं जागेवर जावीं. अंतर तीन फूट ठेवावें. हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फुटांचा चौरस. तीन फुटांच्या अंतरानें त्यांत अकरा ओळी व प्रत्येक ओळींत अकरा, म्हणजे १२१ झुडपें बसतात. एवढा पोटखराबा शहापूर-मुरबाडांत बहुतेक प्रत्येक खातेदाराजवळ आहे. तो नसेल तर बांध आहे : वीस गुंठ्यांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची एक बाजू सुमारें १४८ फूट भरते, दोन बाजूंच्या बांधांवर चार फुटांनीं एक या प्रमाणें चौऱ्याहत्तर झुडपें लागतात, आणि भाताची एक काडीही कमी होत नाहीं.

निगा

पहिल्या वर्षीं गुरें-शेळ्यांपासून कांटेरी फांद्यांचें कुंपण व दिवाळीनंतर दोन-चार वेळां पाणी, एवढी निगा पुरे. दुसऱ्या वर्षापासून पाण्याची गरज नाहीं. खालील चार गोष्टी मात्र सांभाळाव्या.

(१) बांधावर तणनाशक मारूं नये. बांध स्वच्छ दिसावा या हौसेपायीं आपण माशीच्या ताटांत विष कालवतों. गवत विळ्यानें कापावें, आणि तेंही भारंगीचें फळ पिकून गळाल्यावर.

(२) राब भाजतांना जाळ बांधावर चढूं देऊं नये. गड्डा एखादे वेळीं वांचेल, पण आसपासच्या सुक्या काटक्यांत घर केलेला भुंगा वांचणार नाहीं.

(३) भुंग्याचें घर राखावें. तो वठलेल्या लांकडांत किंवा सुक्या कळकांत भोंक पाडून आंत पिलें वाढवितो. एक-दोन जुने ओंडके व सुक्या कळकाचे तुकडे बांधाच्या कोपऱ्यांत, पाऊस थेट लागणार नाहीं असे रचून ठेवावे. निळ्या पट्ट्यांची माशी मऊ मातींत व जुन्या मातीच्या भिंतींत राहते. पडवीच्या भिंतीस भोंकें दिसलीं म्हणून लगेच लिंपून टाकूं नयेत.

(४) मांडवावर फवारणी करणें भागच पडलें तर ती सूर्यास्ताच्या सुमारास, माशा घरीं गेल्यावर करावी. सकाळीं फुलें उघडीं असतांना कधींही करूं नये. युरोपीय संघानें २०१८ सालीं इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतांत वापर बंद केला, तो मधमाशांच्याच कारणानें. आपल्याकडील दुकानांत इमिडाक्लोप्रिड सहज मिळतें; म्हणून वेष्टन वाचून घ्यावें व फुलोऱ्याच्या काळांत तें टाळावें.

पान, फूल व मूळ यांची वांटणी

येथें खरा पेंच आहे. भारंगी एकट्या माशीची नाहीं. ज्येष्ठांत तिचीं कोंवळीं पानें भाजीकरितां खुडलीं जातात. उकडून, पिळून, कडवटपणा काढून, कांदा-लसूण व भिजविलेली डाळ घालून केलेली ही भाजी पहिल्या पावसांत ज्यानें खाल्ली तो ती विसरत नाहीं. श्रावणांत फुलांचीही भाजी होते. रानभाज्यांस हल्लीं शहरांत मागणी आली आहे. कृषि खात्यातर्फे महोत्सव भरतात, आणि ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजांतील स्त्रियांस चार पैसे मिळतात. तें योग्यच आहे. मूळ तर खोकला व दमा यांवरील औषधांत पडतें. भारंगीगूळ नांवाचा जुना पाठ वैद्यांस ठाऊक आहे. म्हणून व्यापारी मुळें मागतात, आणि मूळ खणलें कीं झुडूप संपलें.

पान खुडल्यानें झुडूप मरत नाहीं, उलट अधिक फुटतें. फूल खुडलें तर झुडूप जगतें, पण माशी उपाशी राहते व बीं धरत नाहीं. मूळ खणलें तर पान, फूल, बीं व माशी चारही गेलीं. हा हिशेब रानांत राहणारांस आपणांपेक्षां अधिक स्पष्ट कळतो. डोळखांबच्या बाजूस एका ठाकूर आजींस आम्हीं विचारलें, “आजी, भाजीपेक्षां मुळाचे पैसे जास्त येतात, मग तुम्ही मूळ कां नाहीं काढीत?” त्यांनीं पाटी डोक्यावरून उतरविली आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, मूळ एक डाव इकायचं, भाजी जल्मभर. मूळ काढलं तं पुढल्या साली नातीनं काय खुडायचं?” आमच्या कचेरींतील कोणत्याही वसुलीच्या तक्त्यांत भांडवल व व्याज यांतील भेद इतका थोडक्यांत मांडलेला आम्ही पाहिला नाहीं.

वनहक्क कायदा २००६ प्रमाणें वनांत राहणाऱ्या समाजांस परंपरेनें गोळा होणारें गौण वनोत्पन्न घेण्याचा हक्क आहे. तो हक्क टिकावयाचा तर वनांत तें उत्पन्न शिल्लक राहिलें पाहिजे. म्हणून बागाईतदारानें व खातेदारानें आपल्या गरजेची भारंगी आपल्या बांधावर करावी व रानावरचा भार उतरवावा. आमची सुचविलेली वांटणी अशी : आषाढ लागेपर्यंत पानें मोकळ्या मनानें खुडावीं. पुढें शेंडे राखावे. फुलांचे तुरे दोहोंपैकीं एकच खुडावा, दुसरा झाडावर ठेवावा. मूळ हवेंच असेल तर तीन वर्षांपूर्वीं खणूं नये, आणि खणतांना गड्ड्याचा अर्धा भाग जमिनींत ठेवून माती लोटावी. औषध म्हणून वापरण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. ऐकीव प्रमाणावर काढे करूं नयेत.

कांहीं शंका

एक शंका अशी घेतली जाते कीं, भारंगीस माशा गेल्या तर आमच्या काकडीस कोण येणार? ही शंका वरवर बरोबर दिसते. परंतु काकडीचें फूल सकाळचें, आणि मांडव दोन-अडीच महिन्यांचा. तेवढ्यावर भुंग्याच्या एका पिढीचेंही पोषण पुरें होत नाहीं. मांडव फुलण्याआधीं व उतरल्यानंतर त्यास खावयास मिळालें तरच तो आपल्या शिवारांत घर करतो. ज्या गांवांत मजुरास चारच दिवस काम असतें त्या गांवांत मजूर राहत नाहीं. भुंग्याचें तसेंच आहे.

दुसरी शंका : शेतकऱ्यानें जमीन फुलांस द्यावी हें शहाणपण काय? याचें उत्तर अमेरिकेंतून घेऊं. तेथील आयोवा प्रांतांत पूर्वीं सर्वत्र गवताळ माळ होता. तो नांगरून मका व सोयाबीन झालें. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनीं शेताचा दशांश भाग मोडून तेथें त्याच माळावरचीं बहुवर्षायु गवतें व रानफुलें पट्ट्यापट्ट्यांनीं पुन्हां लाविलीं. २०१७ सालीं त्यांनीं जाहीर केलेल्या निष्कर्षांत परागवाहक कीटकांची संख्या साडेतीनपट झाल्याचें व शेतांतून वाहून जाणारें पाणी ३७ टक्क्यांनीं कमी झाल्याचें नमूद आहे. तेथें पिकाखालची जमीन द्यावी लागली. आपणांस तर पिकाखालची जमीन द्यावयाचीच नाहीं; सरकारनें जिच्यावर आकार ठेवला नाहीं ती देऊन काम भागतें. शिवाय माळशेजच्या उतारावरून येणाऱ्या पावसांत बांध फुटतात, तेव्हां गड्डा धरून बसलेलें झुडूप माती धरतें, हा लाभ वेगळाच.

तिसरी शंका : मग पेट्याच कां ठेवूं नयेत? अवश्य ठेवाव्या. पुण्यास १९६२ सालापासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें आहे. परंतु पेटी म्हणजे गोठा, आणि गोठा बांधण्यापूर्वीं वैरणीची सोय पाहावी लागते. आषाढ-श्रावणांत ज्या शिवारांत फूल नाहीं, तेथें पेटी आणून ठेवणें म्हणजे दुष्काळांत गाय विकत घेण्यासारखें आहे. आधीं भारंगी, मग पेटी.

चौथी शंका : एकट्या भारंगीनें सर्व होईल काय? नाहीं. तिच्या शेजारीं धायटी असावी, करंज असावा, वरकसावर खुरासणी पेरलेली असावी. खुरासणीस तर स्वतःच्या झाडाच्या परागानें बीं धरत नाहीं. तिला माशी हवीच, आणि ती माशीस पराग-मध दोन्ही देते. या साऱ्या सांखळींतील पावसाळ्याचा जो दुवा तुटला आहे तो भारंगीनें सांधावयाचा आहे.

उपसंहार

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन वाडें, जव्हार, मोखाडें हे रानचे तालुके पालघराकडे गेले. शहापूर व मुरबाड हे जिल्ह्याचे शेवटचे मोठे रानाचे तालुके उरले आहेत. शहापुरांतून नवा समृद्धि महामार्ग गेला, गृहप्रकल्प येत आहेत, जमिनीचे भाव चढले आहेत. रान जितकें मागें हटेल तितका शेताचा बांध हाच माशीचा शेवटचा आसरा राहील. बांध आपल्या हातांत आहे. त्याकरितां अर्ज नको, मंजुरी नको, अनुदानाची वाट पाहावयास नको.

तरी शेतकरी बंधुभगिनींस विनंति अशी कीं, या वर्षीं पावसाळा सरतांना आपापल्या शिवारांत फिरून भारंगी कोठें उरली आहे तें पाहून ठेवावें, पिकलेलीं फळें मूठभर वेंचून आणावीं, आणि येत्या वैशाखांत निदान वीस-पंचवीस पिशव्या भराव्या. संस्थेच्या सभासदांपैकीं ज्यांच्याजवळ जुनीं झुडपें आहेत त्यांनीं शेजाऱ्यास फुटवा द्यावा. दुसऱ्या पावसाळ्यांत पाऊस उघडला म्हणजे सकाळीं बांधाशीं उभें राहून फुलांवर किती भुंगे येतात तें मोजावें, मग मांडवाखालीं जाऊन धरलेलीं फळें मोजावीं, व दोन्ही आंकडे वहींत लिहून या मासिकाकडे पाठवावे. बारा नंबरच्या नमुन्यांत जो रकाना नाहीं तो निदान आपल्या वहींत असावा.